दोन सेलच्या जुन्या पितळी टॉर्चमध्ये एलईडी आणि बूस्टर बसवताना आलेल्या अडचणी

गडवाट, मुलुंड

नमस्कार. वडिलांची दोन मोठ्या सेलची पितळी टॉर्च माझ्याकडे आहे. आई तिला आजही ‘बॅटरी’ म्हणते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्या इमारतीचा जिना दिवसाही अंधारा असल्यामुळे आई हीच बॅटरी हातात धरून चार मजले उतरली. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत बल्ब इतका मंद झाला की पुढच्या पायऱ्या तिने भिंत चाचपत उतरल्या. तेव्हापासून या टॉर्चमध्ये एलईडी बसवण्याचे माझ्या मनात आहे. टॉर्च मात्र बदलायची नाही, कारण काच, रिफ्लेक्टर, सरकते बटण आणि मागची स्प्रिंग सगळे शाबूत आहे.

आतापर्यंत तीन प्रयत्न केले. पहिल्यांदा बल्ब काढून पाच मिलिमीटरचा पांढरा एलईडी दोन नव्या सेलवर थेट लावला. तो लागला, पण चार-पाच दिवसांत अगदी फिका झाला. तोच सेल घड्याळात घातला असता तर महिनोन्‌महिने चालला असता, म्हणजे सेलमध्ये जोर शिल्लक होता. दुसऱ्यांदा जवळजवळ संपलेल्या सेलवरही एलईडी लावणारे ‘ज्यूल थीफ’ नावाचे सर्किट बांधले. बंद पडलेल्या सीएफएलमधली फेराइटची छोटी रिंग, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वीस-वीस वेढे, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एकच सेल, एवढेच सामान होते. एलईडी मुळीच लागला नाही आणि ट्रान्झिस्टर बोटाला जाणवेल इतका तापला. तिसऱ्यांदा लॅमिंग्टन रोडवरून एमटी ३६०८ हे तयार बूस्टर (सेलचे व्होल्टेज वाढवून देणारे) मॉड्यूल आणले, त्याचे आउटपुट ३.३ व्होल्टवर ठेवले आणि एक वॅटचा एलईडी जोडला. सुरुवातीला लख्ख उजेड पडला, पण दोन-तीन मिनिटांत एलईडी लुकलुकू लागला. टॉर्च थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा नीट लागतो आणि पुन्हा तेच होते. सेल साधे, झिंक-कार्बनचे आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नात नेमके काय चुकले आणि यापैकी कोणता मार्ग पुढे न्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


फेराइट, लालबाग

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निदान करणे सोपे गेले. माझी चाळीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीत गेली, आणि ‘चालत नाही’ एवढेच सांगणारे गिऱ्हाईकच बहुतेक वेळा भेटले.

आधी मुळापासून पाहू. पांढरा एलईडी हा खरे तर निळा एलईडी असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्हींचा उजेड मिसळून पांढरा दिसतो. निळ्या प्रकाशाच्या एका कणाला लाल प्रकाशाच्या कणापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते, म्हणून लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास लागतो, तर पांढऱ्याला तीन ते सव्वातीन व्होल्ट हवे असतात. हा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रत्यक्षात आणला. त्याबद्दल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आता आपले दोन नवे सेल मिळून तीन व्होल्टच्या किंचित वर असतात. थोडे वापरले की ते २.८ वर येतात आणि एलईडीला त्यातून फारच थोडा प्रवाह घेता येतो. जुना बल्ब २.२ व्होल्टलाही लालसर का होईना, पण जळत राहायचा. एलईडीचे तसे नसते, तो उंबरठा ओलांडल्याशिवाय दारच उघडत नाही. सेलमधली निम्म्याहून जास्त शक्ती या उंबरठ्याखाली राहते, म्हणून बूस्टर लागतो.

ज्यूल थीफचे हे रूप नोव्हेंबर १९९९ मध्ये एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात आले. त्यामागचा ब्लॉकिंग ऑसिलेटर मात्र व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, काळापासूनचा आहे. त्याचे काम असे चालते : रेझिस्टरमधून बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या नियंत्रण करणाऱ्या पायाला, थोडा प्रवाह मिळाला की ट्रान्झिस्टर उघडू लागतो आणि पहिल्या कॉइलमधून प्रवाह वाढत जातो. तो वाढताना दुसऱ्या कॉइलमध्ये जे व्होल्टेज तयार होते ते बेसला आणखी जोर देते, म्हणून ट्रान्झिस्टर पुरता उघडतो. काही मायक्रोसेकंदांत प्रवाह इतका होतो की बेसचा जोर अपुरा पडतो किंवा रिंग चुंबकीय दृष्ट्या भरून जाते. वाढ थांबताच दुसऱ्या कॉइलचे व्होल्टेज कोसळते आणि ट्रान्झिस्टर झटकन बंद होतो. पण कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. तो वाट शोधतो आणि त्यासाठी लागेल तेवढे व्होल्टेज कॉइल स्वतःच उभे करते. सेलचा दाब आणि कॉइलचा दाब एकावर एक चढून तीन व्होल्ट पार होतात आणि एलईडीतून प्रवाह वाहतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडत असल्यामुळे डोळ्याला उजेड सलग दिसतो.

आता आपली चूक. दुसरी कॉइल उलटी जोडली गेली, तर ती बेसला जोर देण्याऐवजी त्याचा जोर काढून घेते. मग सर्किट झोके घेत नाही, म्हणजे त्याची उघडझाप होत नाही, आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून सेलचा प्रवाह नुसता गिळत बसतो. एक किलोओहममधून बेसला साधारण ०.८ मिलिअँपिअर मिळतात. बीसी ५४७ ते दोनशे पट वाढवतो असे धरले तर १६० मिलिअँपिअर होतात आणि या ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० आहे. एलईडी बंद आणि ट्रान्झिस्टर गरम, याचे कारण हेच. दोन तारा एकत्र धरून सारख्या दिशेने गुंडाळाव्यात आणि एका तारेची सुरुवात दुसऱ्या तारेच्या शेवटाला जोडून तो सांधा सेलच्या धन टोकाला द्यावा. उरलेल्या दोन टोकांपैकी एक कलेक्टरला जाईल आणि दुसरे रेझिस्टरमार्गे बेसला. दोन रंगांच्या तारा घेतल्या तर गोंधळ होत नाही. तारेवरचे इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून टोकांना कथील धरते की नाही ते पाहावे. माझ्या हाताखालच्या मुलांची निम्मी सर्किटे केवळ या इनॅमलपायी बंद राहत.

ट्रान्झिस्टर बदलायचा असेल तर बीसी ३३७ घ्यावा. त्याला ८०० मिलिअँपिअरपर्यंत चालते आणि पायांचा क्रमही तोच आहे : सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या २२२२ ट्रान्झिस्टरमध्ये पीएन अक्षरांचा आणि पी२एन अक्षरांचा असे दोन प्रकार मिळतात आणि त्यांचा कलेक्टर व एमिटर एकमेकांच्या जागी असतो. दुकानदार दोन्ही एकाच खणातून काढून देतो.

ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र) नसला तरी सर्किट झोके घेते आहे का ते कळते. छोटा रेडिओ मध्यम लहरींवर, दोन केंद्रांमधल्या मोकळ्या जागी लावून सर्किटजवळ धरा. शिट्टी किंवा घरघर आली तर ऑसिलेटर चालू आहे, आणि त्यानंतरही एलईडी बंद असेल तर एलईडी उलटा लागला आहे. याच कारणामुळे वीज गेल्यावर रेडिओ ऐकणाऱ्याने ही टॉर्च रेडिओशेजारी ठेवू नये.

एक सूचना आवर्जून करतो. सीएफएल उघडताना काचेची नळी फुटू देऊ नका, तिच्यात पारा असतो. आतला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. दिवा काढून बराच वेळ गेला असला, तरी रेझिस्टर लावून तो रिकामा करावा आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा.


समांतर, विक्रोळी

फेराइट यांनी दुसऱ्या प्रयत्नाचे उत्तर पूर्ण दिले आहे, म्हणून मी तिसऱ्याकडे येते. माझे काम पॉवर सप्लायच्या डिझाइनचे आहे. बाजारातून मॉड्यूल आणून एलईडीला जोडणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते : एलईडीला व्होल्टेज मोजून देऊ नका, प्रवाह मोजून द्या.

एमटी ३६०८ चे मॉड्यूल ठरवलेले व्होल्टेज कायम राखते. पण एलईडी तापला की त्याच प्रवाहासाठी त्याला लागणारे व्होल्टेज अंशाअंशाने उतरते. मॉड्यूल मात्र ३.३ सोडत नाही, म्हणून प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की एलईडी आणखी तापतो. एका एलईडीला ३.३ व्होल्टवर २५० मिलिअँपिअर जातील, तर त्याच पाकिटातल्या दुसऱ्याला ४५०. एक वॅटच्या एलईडीची नेहमीची मर्यादा ३५० आहे.

लुकलुकण्याचे कारण वेगळे आहे आणि ते सेलमध्ये आहे. हा बूस्टर इनपुट दोन व्होल्टच्या खाली गेले की स्वतःला बंद करतो. झिंक-कार्बनच्या सेलमधून अर्धा अँपिअर ओढला की दोन सेल मिळून दोन व्होल्टच्या खाली दबतात, बूस्टर बंद होतो, ओझे उतरल्यामुळे सेल सावरतात, बूस्टर पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा दबतो. आपल्याला दिसलेली लुकलुक ही या चक्राची आहे, मॉड्यूल खराब नाही. या कामाला निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल पेन्सिल सेल वापरा. ते १.२ व्होल्टचे असले तरी अर्ध्या अँपिअरला दबत नाहीत. मोठ्या सेलच्या जागी ते बसावेत म्हणून प्लास्टिकच्या डब्या मिळतात. इथे एक फायदाही होतो. रिचार्जेबल सेल एका सेलमागे एक व्होल्टच्या बराच खाली उतरवला की त्याचे नुकसान होते, आणि जोडीतला कमजोर सेल उलटा चार्ज होण्याची भीती असते. झिंक-कार्बनला जी दोन व्होल्टची अट नडत होती, तीच रिचार्जेबल सेलचे रक्षण करते. ज्यूल थीफमध्ये हे रक्षण नसते. तो सेल अर्ध्या व्होल्टपर्यंत शोषतो, म्हणून तो टाकाऊ सेलपुरताच ठेवावा, आणि त्यातही सेल पाझरू लागायच्या आत काढून घ्यावा.

मॉड्यूलला प्रवाह मोजायला लावणे अवघड नाही. त्याच्या फीडबॅक पायावर ०.६ व्होल्ट राखायचे एवढेच त्याला ठाऊक असते. मॉड्यूलवरचा निळा पोटेन्शिओमीटर (स्क्रूने फिरवून व्होल्टेज ठरवायचा रेझिस्टर) आणि फीडबॅकपासून ऋणाकडे जाणारा बारीक रेझिस्टर, दोन्ही काढून टाका. एलईडीचे धन टोक आउटपुटला जोडा, ऋण टोकापासून ऋणापर्यंत १.८ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा आणि एलईडी व रेझिस्टर यांच्या सांध्यापासून एक किलोओहममार्गे फीडबॅक पायाला तार न्या. ०.६ भागिले १.८, म्हणजे सुमारे ३३० मिलिअँपिअर. सेल उतरोत वा एलईडी तापो, प्रवाह तोच राहील. रेझिस्टर ३.३ ओहमचा घेतला तर १८० मिलिअँपिअर. एलईडीची तार निसटली तर फीडबॅक शून्यावर येईल आणि बूस्टर आउटपुट वर-वर चढवत नेईल. म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाहू देणारा डायोड), पट्ट्याची बाजू आउटपुटच्या धन टोकाला आणि दुसरी फीडबॅक पायाला, असा जरूर लावा. मग आउटपुट पावणेसहाच्या पुढे जात नाही.

हिशेबही पाहून घ्या. १८० मिलिअँपिअरला एलईडी व रेझिस्टर मिळून ३.६ व्होल्ट, म्हणजे ०.६५ वॅट. बूस्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलकडून ०.७७ वॅट, म्हणजे २.४ व्होल्टवर ०.३२ अँपिअर. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल सहा तास चालेल. ३३० मिलिअँपिअरला हाच आकडा सव्वातीन तासांच्या आसपास येतो. डोळ्याला हा फरक निम्मा वाटत नाही, म्हणून जिन्यासाठी माझी पसंती १८० ला आहे.

दोन गोष्टी टाळा. या टॉर्चमध्ये दोन लिथियम सेल कधीही घालू नका. बूस्टर दाब वाढवू शकतो, कमी करू शकत नाही, ७.४ व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून सरळ एलईडीवर जातील. आणि सेल उलटे घालू नका. जुन्या बल्बला दिशा नव्हती, या मॉड्यूलला आहे, आणि उलट दाबाने ते क्षणात जाते.


गडवाट, मुलुंड

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार याच कामात गेला.

फेराइटकाका, दुसरी कॉइल खरोखरच उलटी होती. लाल आणि सोनेरी तार घेऊन नव्याने गुंडाळली आणि घड्याळातून काढून टाकलेल्या ०.९३ व्होल्टच्या सेलवर एलईडी लागला. आईच्या रेडिओवर मध्यम लहरींची शिट्टी आली, आणि रिंगेवर बोट ठेवले की तिचा सूर बदलत होता. एलईडीबरोबर एक ओहमचा रेझिस्टर लावून मीटरने पाहिले, ११ मिलिव्होल्ट आले, म्हणजे सरासरी ११ मिलिअँपिअर.

समांतरताई, मॉड्यूलमध्ये आपण सांगितल्याप्रमाणे ३.३ ओहमचा बदल केला आहे आणि प्रवाह १८० वर स्थिर आहे. मेजावर तारांनी जोडले की सर्किट उत्तम चालते. टॉर्चमध्ये बसवल्यावर मात्र हलवले की अधूनमधून लुकलुकते. टॉर्च चालू असताना सेलच्या दोन टोकांवर २.५२ व्होल्ट आहेत, पण मॉड्यूलच्या इनपुटवर २.०८ मिळतात. एवढ्याशा पितळात इतके व्होल्टेज कुठे जाते ते समजत नाही.


फेराइट, लालबाग

पितळ दोषी नाही, सांधे दोषी आहेत. ०.४४ व्होल्ट भागिले ०.३७ अँपिअर, म्हणजे वाटेत सव्वा ओहमच्या आसपास रोध आहे. तीन व्होल्टच्या बल्बला तो फारसा जाणवत नव्हता. बूस्टरला मात्र तो दुहेरी नडतो, कारण इनपुट जितके कमी मिळेल तितका तो जास्त प्रवाह ओढतो आणि सांध्यातली गळती आणखी वाढते.

मीटरचे एक टोक सेलच्या ऋण बाजूला ठेवा आणि टॉर्च चालू ठेवून दुसरे टोक स्प्रिंगवर, मग मागच्या झाकणावर, मग नळीवर, मग बटणाच्या आतल्या पट्टीवर, असे एकेक पाऊल पुढे न्या. जिथे मिलिव्होल्टचा आकडा एकदम उडी घेतो, तो सांधा खराब. माझा अंदाज स्प्रिंग आणि बटणाची पट्टी या दोघांवर आहे. स्प्रिंग पोलादी असते आणि तिच्यातून प्रवाह लांब वळणे घेत जातो. तिच्या पोटातून तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा तुकडा वरपासून खालपर्यंत कथलाने जोडा. पट्टी किंचित सैल ठेवा, म्हणजे स्प्रिंग दबली तरी ती तुटणार नाही. बटणाची पट्टी जिथे सरकते तिथला हिरवट थर खोडरबराने काढा, आणि तेवढ्याने गेला नाही तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. झाकणाचे आटे विसरू नका. प्रवाह त्यांच्यातूनच जातो आणि तिथे जुने वंगण सुकून बसलेले असते. पेन्सिल सेलच्या प्लास्टिक डब्यांची दोन्ही टोकेही तपासा. काही डब्यांत पत्रा इतका पातळ असतो की हलवल्यावर तो सेलपासून सुटतो.


कातळकडा, बोरिवली

बूस्टरचे काम वरच्या दोघांनी इतके नीट सांगितले आहे की मला त्यात भर घालायची नाही. पण रिफ्लेक्टरबद्दल कुणी लिहिले नाही.

बल्बची तार रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असते, आणि ती बल्बच्या कडीपासून काही मिलिमीटर वर असते. एलईडी त्या कडीच्या जागी सपाट बसवला तर तो केंद्राच्या मागे राहतो आणि झोताच्या मधोमध काळा डाग पडतो. तीन मीटरवरच्या भिंतीसमोर टॉर्च धरून एलईडी पुढे-मागे करत न्यावा. डाग मिटून मध्यभाग सर्वात लख्ख होईल ती जागा खुणेने पक्की करावी. एलईडीला त्या उंचीवर धरण्यासाठी ॲल्युमिनिअमचा किंवा पितळेचा छोटा खांब वापरावा. तोच खांब एलईडीची उष्णता टॉर्चच्या अंगाला पोहोचवतो. खांब आणि एलईडीची चांदणीसारखी पट्टी यांच्यामध्ये उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर द्यावा, आणि पट्टीचा तळ एलईडीच्या कुठल्याही टोकाला जोडलेला नाही हे मीटरने पाहून घ्यावे, कारण टॉर्चचे अंग ऋण असते. पाच मिलिमीटरच्या गोल एलईडीला हा रिफ्लेक्टर निरुपयोगी आहे. त्याचा उजेड स्वतःच्या भिंगातून सरळ पुढे जातो, बाजूला जवळजवळ पडतच नाही.

आपल्या नावावरून आपण डोंगरात जाता असे वाटते, म्हणून एक विनंती करतो. मे-जूनमध्ये राजमाचीच्या बाजूला काजवे पाहायला जाणारे लोक झाडापाशी पांढरा झोत मारतात. काजवे उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतात आणि प्रखर पांढऱ्या उजेडात त्यांचे चमकणे थांबते. टॉर्चमध्ये एक लाल एलईडी आणि छोटे वेगळे बटण जरूर ठेवा. लाल एलईडीला बूस्टर लागत नाही : २.४ व्होल्ट आणि ४७ ओहम, दहाएक मिलिअँपिअर जातात. पायाखालची वाट दिसायला तेवढे पुरते.


तिसरा मजला, गिरगाव

याच संदर्भात विचारतो. माझ्याकडे भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचून चार्ज करायची टॉर्च आहे, आत चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. ती चार्जिंगला लावून ठेवून आतला एलईडी बदलला तर चालेल का?


समांतर, विक्रोळी

कृपया असे करू नका. अशा बहुतेक स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरमधून घरातली २३० व्होल्टची वीज थोडी-थोडी बॅटरीला दिलेली असते. बॅटरी चारच व्होल्टची दिसली तरी ती भिंतीला जोडलेली असताना तिची दोन्ही टोके, एलईडी, स्विच हे सगळे २३० व्होल्टच्या तारेशी जोडलेले असते, आणि जमिनीवर उभ्या माणसाने हात लावला तर जोरदार धक्का बसतो. उघडायची असेल तर आधी सॉकेटमधून काढा, पिनांना हात न लावता काही मिनिटे थांबा, मगच स्क्रू काढा. चार व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला बूस्टरची गरजही नसते. तिथे ठरावीक प्रवाह देणारा एएमसी ७१३५ हा तीन पायांचा भाग लावला की ३५० मिलिअँपिअर मिळतात आणि कॉइलची भानगड राहत नाही.


गडवाट, मुलुंड

काम पूर्ण झाले, म्हणून नोंद करतो.

फेराइटकाकांच्या पद्धतीने मीटर पुढे-पुढे नेल्यावर सर्वात मोठी उडी झाकणाच्या आट्यांवर मिळाली, स्प्रिंगचा नंबर दुसरा. आट्यांतले वंगण काळ्या मेणासारखे झाले होते. जुन्या टूथब्रशने ते काढले आणि स्प्रिंगमध्ये तांब्याची पट्टी बसवली. बटणाच्या पट्टीवर वडिलांनी कधीतरी लावलेल्या कथलाचा ठिपका निघाला. तो तसाच ठेवला आहे, कारण तिथे मिलिव्होल्टची उडी मुळीच नव्हती. आता सेलपासून मॉड्यूलपर्यंत ०.०९ व्होल्टच जातात आणि टॉर्च कितीही हलवली तरी उजेड हलत नाही.

खांबासाठी ॲल्युमिनिअमची कांडी चार मिलिमीटर जास्त लांब कापली आणि भिंतीवरचा काळा डाग मिटेपर्यंत कानसने थोडी-थोडी उतरवली. पूर्ण चार्ज केलेल्या २००० च्या सेलवर ती घरात सलग ५ तास ४० मिनिटे चालली, मग लुकलुकली आणि मी बंद केली. सेल काढून मोजले तेव्हा प्रत्येकी १.०५ व्होल्टच्या आसपास होते. अर्धा तास चालू राहिल्यावर पितळी डोके कोमट लागते, हात पोळत नाही. लाल एलईडी मागच्या झाकणात बसवला आहे, कारण पुढे जागा नव्हती. म्हणजे डोंगरात टॉर्च उलटी धरावी लागेल.

ज्यूल थीफ वाया घालवला नाही. तो एका छोट्या डबीत, टाकाऊ सेलसह, जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर चिकटवला आहे. फ्यूज पाहायला तेवढा उजेड पुरतो. दर पंधरा दिवसांनी तो सेल पाझरला नाही ना, हे पाहायचे काम आईने स्वतःहून घेतले आहे. टॉर्चच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे : ‘फक्त १.२ व्होल्टचे सेल, टोपी काचेकडे.’